वेशीवरचे वीरगळ

महाराष्ट्राच्या पठारी भागातील जुन्या गावांत वेशीजवळच्या पाराला टेकून, मारुतीच्या किंवा भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात, ओढ्याच्या उताराशी किंवा पांदीच्या कडेला काळ्या पाषाणाचे उभे दगड आढळतात. त्यांतले काही कमरेइतके तर काही पुरुषभर उंच असतात आणि त्यांच्यावर एकावर एक रचलेल्या चौकटींत माणसे, गाई, घोडे, ढाली-तलवारी आणि शिवलिंगे कोरलेली असतात. या दगडांना वीरगळ म्हणतात. एखाद्या ठिकाणी काय घडले हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे म्हणून वाटेच्या कडेला खूण उभारण्याची पद्धत आजच्या सरकारी माहितीफलकांपेक्षा निदान हजार वर्षांनी जुनी आहे, आणि दख्खनमध्ये तिचे सर्वांत विपुल उदाहरण म्हणजे हे वीरगळ होत. राजांची दानपत्रे ताम्रपटांवर कोरली गेली, देवळांचे शिलालेख मंडपाच्या खांबांवर राहिले. पण गावाची गुरे सोडवताना किंवा वेस राखताना मारल्या गेलेल्या साध्या माणसाची नोंद या उघड्यावरच्या दगडांखेरीज दुसरीकडे कोठेही झालेली नाही.

‘वीरगळ’ या शब्दाचे मूळ कन्नडमध्ये आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड, ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड, आणि त्याचेच मराठी रूप वीरगळ. तमिळमध्ये अशा दगडाला ‘नडुकल’, म्हणजे रोवलेला दगड, म्हणतात. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात पुलिमानकोंबई येथे तमिळ-ब्राह्मी अक्षरांत कोरलेले जे स्मारकदगड सापडले आहेत, ते ही प्रथा इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे नेतात. गुजरात-सौराष्ट्रात याच जातीच्या दगडांना ‘पाळिया’ म्हणतात. म्हणजे मराठी मुलूख हा दक्षिणेकडून पश्चिमेकडे पसरलेल्या एका मोठ्या स्मारकपट्ट्याच्या मधोमध येतो, आणि येथील शब्द दक्षिणेकडून आला ही गोष्ट चालुक्य, राष्ट्रकूट आणि यादव यांच्या राज्यांत कन्नड व मराठी किती एकमेकींत मिसळून होत्या याची आठवण देणारी आहे. महाराष्ट्रात आज दिसणारे बहुसंख्य वीरगळ ढोबळमानाने दहाव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. तारखा कोरलेल्या नसल्याने हा काळ वीराची केशरचना, नेसण्याची तऱ्हा, शस्त्रांचे आकार आणि माथ्यावरच्या कलशाची घडण यांवरून ठरवावा लागतो.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत वीर जमिनीवर आडवा पडलेला असतो, आणि अनेक दगडांवर त्याच्याजवळ किंवा त्याच्या मागे गाईंची रांग कोरलेली असते. त्यावरच्या चौकटीत लढाई चालू असते. वीर एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन एक किंवा अनेक शत्रूंना सामोरा गेलेला असतो, कधी तो घोड्यावर असतो, कधी त्याच्यासमोर धनुर्धारी असतात, आणि मोजक्या दगडांवर माणसाऐवजी वाघ किंवा रानडुक्कर असते. तिसऱ्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याचे हात धरून किंवा त्याला विमानात बसवून वर नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत तोच माणूस हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला असतो, पलीकडे पुजारी अभिषेक किंवा आरती करीत असतो, आणि माथ्यावर कलश व त्याच्या दोन अंगांना चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती टिकावी, असा त्या खुणेचा अर्थ आहे आणि दानपत्रांतही हीच खूण याच अर्थाने येते. रणात शस्त्राच्या धारेने आलेला मृत्यू हा तीर्थात आलेल्या मृत्यूइतका पावन, म्हणून अशा माणसाला मराठी ‘धारातीर्थी पडला’ असे म्हणते. भाषेत वाक्प्रचार म्हणून उरलेली ही कल्पना वीरगळाच्या चार चौकटींत प्रत्यक्ष चित्ररूपाने पाहायला मिळते.

चौकटींचा हा क्रम ठरीव असला, तरी कारागिराने बदललेले तपशील बारकाईने पाहण्यासारखे आहेत. काही दगडांवर एकाऐवजी दोन वीर आहेत, म्हणजे एकाच झटापटीत दोघे गेले असावेत. काही ठिकाणी शिवलिंगाच्या जागी जिनमूर्ती आहे, त्यावरून तो वीर किंवा त्याचे घर जैन होते हे कळते. काही दगडांवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात कोरलेला असतो. ही सती गेल्याची खूण होय, आणि वेगळ्या उभारलेल्या अशा दगडाला सतीशिळा म्हणतात. त्या हाताकडे आज पाहताना वीराच्या कीर्तीपेक्षा त्याच्या मागे जिवंत जाळल्या गेलेल्या स्त्रीचा विचार आधी मनात यावा हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. तिचेही नाव दगडावर नाही. तिचे सौभाग्यलेणे तेवढे आहे.

गाईंची रांग हे या दगडांचे सर्वांत बोलके अंग आहे. माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर, करमाळा, सांगोला हा पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहिलेला प्रदेश आहे. येथे शेतीइतकाच जनावरांवर संसार चाले आणि धनगर व गवळी यांचे कळप पावसामागोमाग पूर्व-पश्चिम फिरत. अशा मुलखात संपत्ती म्हणजे गोधन. धान्य लुटायचे तर ते पेवांतून उपसून, पोत्यांत भरून, बैलांवर लादून न्यावे लागते, पण गुरे स्वतःच्या पायांनी चालतात आणि एका रात्रीत पाच-सात कोस दूर नेता येतात. म्हणून धाड घालणाऱ्याची पहिली नजर गुरांवर असे. ज्या गावचे बैल गेले, त्या गावचा नांगर पुढच्या मृगाला उभाच राहणार, मोट चालणार नाही आणि बाजारला माल जाणार नाही. महाभारतातल्या विराटपर्वात कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या आणि अर्जुनाने त्या सोडवल्या ही कथा सर्वश्रुत आहे, पण तिला महाकाव्याचे मोल का यावे हे या कोरड्या पट्ट्यातल्या वीरगळांवरून जास्त चांगले समजते. गाई सोडवताना मेलेला माणूस गावाचे पुढचे वर्ष वाचवून मेलेला असे, आणि दगड त्याचाच उभारला जाई.

या पशुपालक पार्श्वभूमीचा सखोल विचार ज्यांनी केला, त्यांत जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांचे नाव अग्रभागी आहे. धनगरांबरोबर वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांचा अभ्यास केला, आणि एस. सेट्टर यांच्यासह 1982 साली धारवाडहून स्मारकशिळांवरचा जो ग्रंथ संपादित केला, तो या विषयात आजही पायाभूत मानला जातो. लढून मेलेला गुराखी आणि गुरांचा रक्षणकर्ता देव यांच्यातली सीमारेषा पुसट असते, हे या अभ्यासातून पुढे आलेले सूत्र गावोगावच्या वीरगळांना जसेच्या तसे लागू पडते. शेंदूर लागला, तेल पडू लागले, अमावास्येला नारळ फुटू लागला की वीर हा देव होतो, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर तो म्हसोबा, भैरोबा किंवा नुसता ‘वीर’ या नावाने ओळखला जातो.

कर्नाटकातले वीरगळ आणि महाराष्ट्रातले वीरगळ यांत एक मोठा फरक आहे. कर्नाटकात हजारो वीरगळांवर चौकटींच्या मधल्या पट्ट्यांत लेख कोरलेले आहेत आणि त्यांत वीराचे नाव, त्याच्या धन्याचे नाव, लढाईचे कारण आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला मिळालेली जमीन या सर्वांचा उल्लेख येतो. बेंगळुरूजवळच्या बेगूर गावच्या नागेश्वर देवळातील इ.स. 890 च्या सुमाराचा वीरगळ ‘बेंगळूरच्या लढाईत’ झालेल्या मृत्यूची नोंद करतो, आणि आजच्या त्या महानगराच्या नावाचा हाच सर्वांत जुना उल्लेख आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील शके 872 चा दगड तर एका कुत्र्याचा आहे. गंग राजा बूतुग याच्याकडून त्याच्या मणलेर नावाच्या सरदाराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले, ते रानडुकराशी झुंजताना डुकरासह मेले, आणि त्याच्या स्मरणार्थ दगड उभारून पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली; त्याच लेखात राष्ट्रकूट आणि चोळ यांच्यातील तक्कोलमच्या लढाईचाही वृत्तांत येतो. एका कुत्र्याच्या स्मारकावरून दोन साम्राज्यांच्या युद्धाची माहिती मिळावी, इतके हे लेख मौल्यवान आहेत.

महाराष्ट्रातले बहुतांश वीरगळ मात्र मुके आहेत. त्यांवर अक्षर नाही, नाव नाही, साल नाही. ज्या गावात हा दगड उभा राहिला, त्या गावाला नाव लिहिण्याची गरज वाटली नसावी. कोण मेला, कोणाच्या गुरांसाठी मेला आणि कोणत्या ओढ्याच्या काठी मेला, हे प्रत्येकाला ठाऊक होते. दगड ओळख सांगण्यासाठी नव्हता, मान देण्यासाठी होता. तो घडवणारा पाथरवट गावाच्या आसपासचाच असे, दगड जवळच्या डोंगरातला, आणि त्याचा मोबदला मृताच्या घराने किंवा सगळ्या गावाने मिळून दिलेला. ठाशीव, पुष्ट आकृत्या असलेला दगड संपन्न घरचा आणि ओबडधोबड रेघांनी काढलेला दगड गरिबाचा असे ढोबळ अनुमान करता येते, पण दोघांच्याही माथ्यावर चंद्र-सूर्य तेच आहेत आणि दोघांनाही वर नेणाऱ्या अप्सरा तितक्याच आहेत. मध्ययुगीन समाजात इतकी समता फार थोड्या ठिकाणी दिसते. पुढच्या काळातील कागदपत्रांत गावाची शिव, म्हणजे हद्द, राखण्याचे काम महार, रामोशी, कोळी अशा समाजांकडे असल्याचे स्पष्ट दिसते. आधीच्या शतकांतही रात्रीच्या धाडीला पहिला आडवा जाणारा माणूस अशाच रखवालदारांपैकी असावा, आणि वीरगळांवरच्या पायी लढणाऱ्या, आखूड नेसलेल्या, चिलखत नसलेल्या आकृत्या या तर्काला बळ देतात.

लेख नसतानाही दगड किती सांगू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत, बोरिवलीजवळच्या एकसर येथे आहे. येथील सहा वीरगळांचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारने सिद्ध केलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, विस्ताराने आले आहे. त्यांतले सर्वांत उंच दगड दहा फुटांच्या आसपास आहेत. काहींवर हत्ती आणि धनुर्धारी असलेली जमिनीवरची लढाई आहे, तर काहींवर वल्ह्यांच्या आणि डोलकाठीच्या लढाऊ नौकांचे तांडे एकमेकांवर चालून जाताना कोरले आहेत. वल्हेकऱ्यांच्या रांगा, नौकांवर उभे असलेले सैनिक आणि वरच्या चौकटींत शिवाची पूजा हे सर्व एका पाषाणावर एकत्र आले आहे. भारतीय शिल्पात समुद्रातील युद्धाची दृश्ये इतकी विरळ आहेत की केवळ या कारणानेही एकसरच्या दगडांचे महत्त्व मोठे ठरावे.

ही लढाई कोणती, याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार अकराव्या शतकाच्या आरंभी माळव्याच्या परमार भोजाने कोकणावर स्वारी केली, तिच्याशी या दगडांचा संबंध आहे. दुसरे, अधिक प्रचलित मत असे की इ.स. 1265 च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा महादेव याने ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याचा जो पराभव केला, तेच युद्ध येथे कोरले आहे. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी यादवांची जी प्रशस्ती, म्हणजे राजाच्या पराक्रमाचे स्तुतिपर वर्णन, दिली आहे, तीत सोमेश्वर समुद्रात बुडाला असे सूचित केले आहे. जमिनीवर हरलेला राजा नौकांतून निघाला आणि तेथेही गाठला गेला, हा क्रम एकसरच्या चौकटींशी जुळतो. मात्र प्रशस्ती ही जिंकणाऱ्याच्या दरबारात लिहिलेली आहे आणि वीरगळ हे मेलेल्यांच्या माणसांनी उभारलेले आहेत, हा भेद विसरता कामा नये. हेमाद्रीच्या श्लोकात एक राजा बुडतो. एकसरच्या दगडांवर वल्ही मारणारे लोक बुडतात. गोव्यातही कदंबांच्या काळातले, नौका कोरलेले वीरगळ मिळाले आहेत आणि ते जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहता येतात. त्यांच्याबरोबर एकसरचे दगड ठेवले म्हणजे कोकण किनाऱ्यावर शिवपूर्वकाळातही आरमारी लढायांची परंपरा होती हे दिसून येते.

वीरगळाच्या जवळपास, कधी त्याच्याच रांगेत, आणखी एका प्रकारचा दगड आढळतो आणि त्याचा हेतू अगदी वेगळा आहे. त्याला गधेगाळ म्हणतात. देवळाला किंवा व्यक्तीला दिलेली जमीन पुढे कोणी हिरावून घेऊ नये म्हणून तिच्या हद्दीवर हा दगड रोवीत. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचा संभोग दाखवणारे शिल्प अशी त्याची रचना असते. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव लागेल, ही शिवी म्हणजेच शाप येथे अक्षरांत आणि चित्रात अशा दोन्ही रीतींनी दिलेला असतो. नावातील ‘गाळ’ हा शब्द शिवी या अर्थाचा आहे असे एक मत, तर तो ‘गल्लु’ म्हणजे दगड यापासून आला असे दुसरे. शिलाहार आणि यादव यांच्या राज्यांत हे दगड विशेष आढळतात. न वाचता येणाऱ्यालाही कळावी अशी ही राजाज्ञा होती, परंतु ती राबवण्यासाठी गुन्हेगाराऐवजी त्याच्या आईची विटंबना वापरली गेली, हे त्या समाजाचे वास्तव त्याच दगडावर कायमचे कोरले गेले आहे.

मराठी भाषेच्या इतिहासाला या दगडांनी फार मोठे देणे दिले आहे. अलिबागजवळच्या अक्षी या गावी रस्त्याच्या कडेला दीर्घकाळ ऊन-पाऊस खात उभा असलेला शिलालेख ही एक गधेगाळच आहे. तो केसिदेवराय या शिलाहार राजाच्या काळातला असून शं. गो. तुळपुळे यांनी त्याचे साल शके 934, म्हणजे इ.स. 1012, असे वाचले. हे वाचन मान्य केले तर सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलच्या शके 940 च्या लेखाच्याही आधी अक्षीचा लेख जातो, आणि साल वेगळे वाचणारे अभ्यासक त्याला पुष्कळ पुढे आणतात. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या 1963 च्या संग्रहात असे अनेक लेख एकत्र आले. शके 1108 च्या परळ येथील शिलाहार राजा अपरादित्याच्या लेखात संस्कृत मजकुरानंतर शाप द्यायची वेळ येताच भाषा मराठी होते. दान देणाऱ्याची बिरुदे संस्कृतात चालत होती, पण ज्याला धाक घालायचा त्याला कळेल अशाच भाषेत धमकी द्यावी लागली. मराठी गद्याचे काही अगदी आरंभीचे नमुने अशा रीतीने रस्त्याकडेच्या शापांतून वाचायला मिळतात.

चौदाव्या शतकानंतर वीरगळांची घडण साधी होत गेली. चौकटी कमी झाल्या, आकृत्या सपाट झाल्या, आणि पुढे मराठेशाहीत मानकऱ्यांसाठी समाधी, छत्री व वृंदावन यांची चाल वाढली. मृताच्या सन्मानाचे काम दगडाऐवजी कागदाकडे गेले, हेही यामागचे एक कारण मानता येईल. कन्नड लेखांत वीराच्या वारसांना रक्ताच्या मोलाची जमीन दिल्याचे उल्लेख जसे येतात, तशीच मराठी राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक किंवा जमीन देण्याची पद्धत होती आणि तिच्या सनदा दप्तरांत राहिल्या. दगडाने जे नाव लिहिले नव्हते ते दप्तराने लिहिले, मात्र ते गावाच्या वेशीवरून उठून राजधानीच्या रुमालात बांधले गेले.

घरोघरी मात्र वीर वेगळ्या रूपाने टिकला. अकाली किंवा लढाईत गेलेल्या पूर्वजाचा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकून उठवलेली छोटी प्रतिमा, देव्हाऱ्यात ठेवण्याची चाल अनेक मराठी घरांत आहे. नाशिकमध्ये धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत मिरवत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालतात, आणि त्या दिवशी निघणारी दाजीबा वीराची मिरवणूक शहराच्या जुन्या पेठांत आजही मोठ्या श्रद्धेने पाहिली जाते. ढाल-तलवार घेतलेला टाकावरचा घोडेस्वार आणि वीरगळाच्या दुसऱ्या चौकटीतला घोडेस्वार एकाच घराण्यातले आहेत.

विसाव्या शतकात गावाच्या रस्त्यावर मृतांची खूण पुन्हा उभी राहिली, ती परक्या राजवटीने उभारली. 1914 ते 1918 च्या महायुद्धासाठी ज्या गावांतून पुष्कळ भरती झाली, त्या गावांत ब्रिटिश सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे हे गाव, ज्याला लोक ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, त्या युद्धात 46 जणांना मुकले आणि तेथेही असे स्मारक उभे राहिले. आकडा आहे, नाव नाही, आणि मृत्यू फ्रान्समध्ये झाला की मेसोपोटेमियात हेही नाही. वीरगळ आणि ही पाटी दोन्ही अनाम आहेत, पण दोहोंतले अनामपण एकसारखे नाही. वीरगळावर नाव नव्हते, कारण ते सर्वांना माहीत होते आणि लढाई गावच्याच शिवारात झाली होती. पाटीवर नाव नव्हते, कारण ती बसवणाऱ्या सरकारला माणसाऐवजी संख्या पुरेशी वाटली.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलले. 1980 च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांसाठी राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधली, आणि त्यांपैकी पुष्कळ लहान गावांत, रस्त्यालगत आहेत. 9 सप्टेंबर 1942 रोजी सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्याच्यासारख्या घटनांची आठवण करून देणाऱ्या या वास्तूंत हुतात्म्यांची नावे कोरून लावली गेली. ज्या खटाव-माण पट्ट्यात हजार वर्षांपूर्वी गुरांसाठी मेलेल्यांचे मुके दगड उभे आहेत, तेथेच ही नावांची शिळा आली, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

वीरगळांची आजची स्थिती चिंतेची आहे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा 1960 चा आहे आणि केंद्राच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने शिल्प ही पुरावस्तू ठरते, परंतु बहुतेक वीरगळ कोणत्याही संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत नाहीत. कोठे त्यांच्यावर ऑइलपेंटचे थर चढतात, कोठे ते पायरी म्हणून किंवा धुणे धुण्यासाठी आडवे होतात, कोठे देवळाच्या जीर्णोद्धारात पायात जातात. शेंदराबद्दल मात्र घाईने निर्णय देऊ नये. शेंदराच्या जाड कवचाने कोरीवकाम झाकले जाते हे खरे, पण ज्या दगडाला शेंदूर लागला तो दगड कोणी उचलून नेला नाही, फोडला नाही आणि विकला नाही, हेही तितकेच खरे आहे. पूजा हेच शेकडो वर्षे या दगडांचे एकमेव संरक्षण होते.

अधिक गंभीर हानी होते ती जागा बदलल्याने. वाई तालुक्यातील किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात किंवा कोल्हापूरजवळच्या कसबा बीडमध्ये वीरगळांचे मोठे समूह आहेत, आणि ते पाहताना मन भारावून जाते. अशा समूहांत काही दगड मूळचे तेथलेच असतात आणि काही शिवारातून गोळा करून आणलेले असतात, आणि कोणता दगड कोठून आला हे एकदा विस्मरणात गेले की त्याची अर्धी कथा संपते. लेख नसलेल्या दगडाचा लेख म्हणजे त्याची जागा. तो नदीच्या उताराशी असेल तर धाड कोठून आली ते कळते, दोन गावांच्या शिवेवर असेल तर तंटा हद्दीचा होता असे म्हणता येते, जुन्या व्यापारी वाटेवर असेल तर तांडा लुटला गेला असण्याची शक्यता पुढे येते. रस्त्याचे रुंदीकरण करताना कडेचा दगड यंत्राने उचलून सद्भावनेने देवळात नेऊन ठेवला, तरी हा सगळा पुरावा नाहीसा होतो.

म्हणून दगड हलवण्यापूर्वी त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, जुनी वाट त्याच्या कोणत्या अंगाने जात होती, ओढा किती पावलांवर होता, त्या शेताला गावकरी तोंडी कोणते नाव देतात आणि वर्षातून कोणत्या दिवशी कोणत्या घरचा नारळ तेथे फुटतो, एवढे तरी टिपून ठेवायला हवे. कोणत्या घरचा नारळ, हा प्रश्न त्यांतला सर्वांत मोलाचा आहे. दगडावर न कोरलेले नाव गेली हजार वर्षे ज्या घराने कळत-नकळत सांभाळले असेल, त्या घरापर्यंत पोहोचण्याची तेवढीच एक वाट उरलेली आहे, आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच ती चालता येणार आहे.